खंदकातलं हसू

गेल्या अंकात युद्धकथांमधल्या भीतीबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते : ज्या युद्धकथेत कुणीच हसत नाही, तिच्यावर माझा लवकर विश्वास बसत नाही. भीतीबद्दल एकही पत्र आलं नाही. या एका वाक्यावर मात्र चौदा आली आणि त्यांतली तीन चांगलीच तापलेली होती. जागेपुरती पाच निवडली आहेत.

प्रश्न : ताई, मी पहिल्यांदाच दीर्घकथा लिहिली आहे. बर्फात अडकलेल्या चौकीवरच्या नऊ सैनिकांची. एका संपादकांनी ती परत पाठवली आणि सोबत शेरा मारला : 'वाचताना गुदमरायला होतं. मध्ये मध्ये थोडा कॉमिक रिलीफ हवा.' तो कुठे आणि किती घालावा? एक बडबड्या आचारी घ्यावा असं मनात आहे.

उत्तर : आचारी घेऊ नका. मी घेऊन पाहिला आहे.

एकतीस वर्षांपूर्वी मी एक युद्धकादंबरी लिहिली. आता ती मिळत नाही, आणि मिळत नाही ते बरंच आहे. तिच्यात एक आचारी होता. सुटलेलं पोट, उलट्यासुलट्या म्हणी, सारखा कशात तरी अडखळणारा. लढाईची तीन प्रकरणं झाली की एक आचाऱ्याचं, असा माझा हिशेब. शिवणातल्या टाक्यांसारखा तो सारख्या अंतरावर यायचा. पुस्तक आल्यावर एका अनोळखी वाचकाचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी : 'तुमचा आचारी कादंबरीभर एकदाही घाबरत नाही. आपण युद्धात आहोत हे त्याला कुणी सांगितलंय का?' ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. परीक्षणं एकही जपलेली नाहीत.

त्या वाचकानं नेमकं दुखणं पकडलं होतं. माझा आचारी युद्धात नव्हताच. मध्यंतरात चहा घेऊन फिरणाऱ्या पोऱ्यासारखा तो वाचकाच्या सोयीसाठी येऊन जात होता. 'रिलीफ' हा शब्दच फसवा आहे. वाचक थकलाय, त्याला जरा टेकू द्या, असं त्यातून वाटतं. पण चौकीवरच्या नऊ जणांना टेकायला मिळत नसेल, तर वाचकाला का मिळावं? तुमच्या संपादकांची तक्रार बहुधा खरी असेल, औषध चुकलंय. विनोद नाही म्हणून कथा गुदमरत नसते. नऊच्या नऊ माणसं एकाच सुरात घाबरतात किंवा एकाच सुरात शूर असतात, म्हणून गुदमरते. (कथा न वाचता बोलतेय. चुकत असेन तर कळवा.)

माझा थोरला भाऊ सैन्यात होता. सुट्टीवर आला की दादा एक किस्सा हमखास सांगायचा. त्यांच्या तुकडीत एक जण भयंकर घोरायचा. अगदी पुढच्या चौकीवर घोरणं म्हणजे रात्रीच्या शांततेत समोरच्याला आपला पत्ता देणं. मग सगळ्यांनी मिळून उपाय काढला. त्याच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधायची, दुसरं टोक पहाऱ्यावरच्या माणसाच्या हातात. घोरणं सुरू झालं की ओढायची. पठ्ठ्या झोपेतच 'हजर!' म्हणायचा आणि कूस बदलायचा. पहारा बदलताना बंदूक, दुर्बीण आणि दोरी अशा तीन गोष्टींचा ताबा दिला जायचा. दादा हे सांगताना स्वतःचा अंगठा हलवून दाखवायचा आणि आम्ही हसून लोळायचो. कितीतरी वर्षं किस्सा इथेच संपत होता. दादा निवृत्त होऊनही बराच काळ लोटल्यावर एकदा, दुसरंच काही बोलणं चाललेलं असताना, तो म्हणाला, "तो गेला ना, त्यानंतरही तीन रात्री दोरीचं टोक माझ्या हातात होतं." मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय, सवय. ओढायचो मधूनमधून."

आता यातला विनोद वेगळा काढून बाजूला ठेवून दाखवा. जमणार नाही. थंडी, शत्रू किती जवळ आहे ते, पहाऱ्याच्या पाळ्या, माणसांनी एकमेकांना सांभाळून घेणं, सगळं त्या दोरीत वळलेलं आहे. आणि ती दोरी परत येते. युद्धकथेतल्या विनोदाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल, तर ती ही : ज्या वस्तूवर आपण हसलो, ती पुन्हा आली पाहिजे, आणि त्या वेळी कुणालाही हसता येऊ नये.

जोसेफ हेलर दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर होता, साठ मोहिमा केलेला. त्याच्या १९६१ च्या 'कॅच-२२' या कादंबरीत नायक योसेरियन पदक घ्यायला रांगेत उभा राहतो तो अंगावर चिंधीसुद्धा न घालता. वरिष्ठांमध्ये त्याच्या कपड्यांची चौकशी सुरू होते, आपल्याला हसू आवरत नाही. त्याच्यावर रक्त सांडत कुणी तरी मेलं, एवढं एका वाक्यात कानावर पडतं आणि निसटूनही जातं. मग पुस्तक त्या विमानफेरीकडे पुन्हा पुन्हा वळतं, दर खेपेला थोडं जास्त दाखवतं, आणि अगदी शेवटाकडे आपण त्या जखमी पोरापाशी योसेरियनच्या शेजारी बसलेले असतो. तेव्हा कळतं की गणवेश पुन्हा अंगावर का चढवला गेला नाही. हाच क्रम उलटा असता तर पदकाचा प्रसंग नुसता दयनीय झाला असता.

तर 'कुठे आणि किती' याचं उत्तर : बाहेरून आणून कुठेच नाही, गुंजभरही नाही. तुमच्या नऊ जणांकडे बघत बसा. युद्धात लढण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त वेळ जातो आणि हसण्यासारखं जे काही घडतं ते बहुतेक त्या वाट बघण्यात. कोण कसा झोपतो, कुणाचं काय हरवलंय, कुठला नियम त्या बर्फात वेडगळ ठरतोय, कुणाला कुठल्या शब्दानं चिडवतात. तिथे तुम्हाला हसू आलं तर तेवढं ठेवा.

प्रश्न : आपल्या सदरातलं वाक्य वाचून वाईट वाटलं. माझे वडील युद्धावरून परत आले ते उजवा हात गमावून. आम्हा भावंडांना युद्ध या विषयात हसण्यासारखं कधीच काही दिसलं नाही. सुरक्षित घरात बसून दुसऱ्याच्या मरणावर विनोद लिहिणं ही विकृती नाही का?

उत्तर : तुमच्या वाक्यातले 'सुरक्षित घरात बसून' हे शब्द मी आधी उचलते, कारण त्यांच्याबाबत आपलं भांडण नाही.

विनोद कुणाचा, हा माझ्याही दृष्टीनं पहिला प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र या गावाचे अवशेष उरले होते. तिथल्या ढिगाऱ्यात ब्रिटिश सैनिकांना एक छापखान्याचं यंत्र सापडलं. फेब्रुवारी १९१६ मध्ये त्यांनी त्यावर स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. सैनिकांना गावाचं नाव उच्चारता येईना, ते त्याला 'वायपर्स' म्हणत; म्हणून पत्राचं नाव 'वायपर्स टाइम्स'. त्यात औषधांच्या जाहिरातींची नक्कल करणारी एक जाहिरात होती. तुम्हाला आशावादाची बाधा झाली आहे का, असं ती विचारते, आणि मग लक्षणं तपासायला प्रश्नावली देते. दूर मायदेशी बसून 'लवकरच विजय' म्हणणाऱ्यांवर तो दात होता. ज्यांच्या डोक्यावर तोफगोळे पडत होते त्यांनीच तो धरला होता, त्यामुळे त्यांना सुरक्षित घराचा आरोप लागू होत नाही.

याहून जुना दाखला ग्रीकांचा. अथेन्सचं स्पार्टाशी युद्ध इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झालं. ते ऐन भरात असताना, ४२५ मध्ये, ॲरिस्टोफेनीसनं एक प्रहसन रंगमंचावर आणलं. त्यातला शेतकरी वैतागून स्पार्टाशी स्वतःपुरता खासगी तह करून टाकतो. तो मेजवानीची बांधाबांध करत असताना बाजूला सेनानी लामाखस मोहिमेची करतोय, आणि दोघं एकेक वस्तू मागवत राहतात. हा लामाखस काल्पनिक नव्हता, खराखुरा सेनानी होता. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ४१४ मध्ये लामाखस सिसिलीच्या मोहिमेत मारला गेला. आणि त्यानंतरच्या एका नाटकात त्याच ॲरिस्टोफेनीसनं त्याचा उल्लेख वीर म्हणून केला आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. हसणारा माणूस आदर करू शकत नाही, असं आपण उगाच धरून चालतो.

विकृत विनोदही असतो, तो नाकारत नाही. समोरच्या सैनिकाला बोबडा, घाणेरडा, पळपुटा रंगवून केलेला. त्याच्यावर हसलं की त्याला मारणं सोपं जातं. असा विनोद शौर्याच्या नावाखाली छापला जातो आणि त्याला कुणी विकृती म्हणत नाही. तुमचा राग तिकडे वळला तर मी सोबत आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची, जी मला स्वतःला अजून सुटलेली नाही. हसणारा सैनिक जास्त टिकतो, हे वरिष्ठांनाही कळतं. म्हणजे जो विनोद आपल्याला बंड वाटतो, तोच न सोसण्यासारखं सोसायला मदतही करत असतो. कोरियातल्या युद्धावरची 'मॅश' ही दूरचित्रवाणी मालिका आठवा. युद्ध तीन वर्षांचं, १९५० ते ५३. मालिका चालली अकरा वर्षं, १९७२ ते ८३. वाहिनीचा आग्रह, की विनोदी मालिका आहे तर मागून हसण्याचा आवाज हवाच. निर्मात्यांनी निदान एवढं मान्य करून घेतलं की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांना तो आवाज लावायचा नाही. तिथे डॉक्टर विनोद करतच असतात, पण हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मला वाटतं, तुमचा आक्षेप त्या मागून येणाऱ्या आवाजाला आहे.

वडिलांबद्दल विचारायचा मला अधिकार नाही. तरी एक विचारते, उत्तर नाही दिलंत तरी चालेल : त्यांचे त्या वेळचे सोबती कधी घरी यायचे का, आणि ते आले की आतल्या खोलीत कसले आवाज यायचे?

प्रश्न : मॅडम, मी माजी सैनिक. आमच्या पलटणीतले किस्से मी सांगतो तेव्हा घरचे पोट धरून हसतात. तेच लिहून काढले की अगदी मेल्यासारखे वाटतात. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. मग बिघडतं कुठे?

उत्तर : एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीत, तिथेच. तुम्ही सांगता तेव्हा ऐकणाऱ्यासमोर तुम्ही धडधाकट बसलेले असता. किस्सा कसाही वळला तरी सांगणारा वाचलाय हे त्यांना दिसतंय, म्हणून ते मोकळेपणी हसतात. कागदावर तुम्ही नसता. वाचक धास्तावलेला असतो आणि तुम्ही मात्र त्याला हसवायला निघालेले. ती धास्ती वापरा.

तुम्ही नमुन्याला पाठवलेल्या तीन पानांत 'आमची हसून हसून पुरेवाट झाली' हे चार वेळा आहे. चारही खोडा. 'गंमत म्हणजे' सहा वेळा आहे, तेही.

मग ठेवायचं काय? तिसऱ्या पानावर तुम्ही ओझरता उल्लेख केलेला तो कागद. हरवलेल्या फावड्याबद्दल लेखी खुलासा मागणारा, तोही मारा चालू असताना पोचलेला. तो कागद पूर्ण द्या, त्याच कचेरीच्या भाषेत, जावक क्रमांकासकट, मध्ये एकही शेरा न मारता. युद्धातला निम्मा विनोद कचेरीची भाषा आणि चिखल यांच्या मधल्या फटीत राहतो. 'कॅच-२२'मध्येच याची दोन टोकं आहेत. एक वैमानिक हजेरी लागायच्या आत मोहिमेवर गेला आणि मेला. तो अधिकृतरीत्या आलेलाच नाही, त्यामुळे तंबूतलं त्याचं सामान अधिकृतरीत्या हलवता येत नाही. उलट तिथला डॉक्टर जिवंत आहे, पण त्याचं नाव पडलेल्या विमानाच्या यादीत होतं, म्हणून कागदोपत्री तो मेलाय आणि 'मी इथे उभा आहे' हे कुणी ऐकून घेत नाही. लेखक एकदाही डोळा मारत नाही. नोंद केल्यासारखं लिहितो.

पत्राच्या शेवटी शिव्या ठेवायच्या का, असंही विचारलंत. सगळ्या ठेवल्या तर तिसऱ्या पानानंतर ऐकू येत नाहीत, सगळ्या काढल्या तर पलटणीऐवजी भजनी मंडळ वाटतं. एक ठेवा, पण जो कधीच शिवी देत नाही त्याच्या तोंडी.

प्रश्न : युद्धावरच्या कुठल्याही गोष्टीत जो सगळ्यांना हसवतो तो शेवटाआधी मरणार, हे आता दहाव्या पानावर कळतं. यातून सुटका कशी?

उत्तर : दुसऱ्या कुणाला तरी मारा. हसवणारा जगू द्या आणि तो पुढेही हसवतच राहतोय, फक्त आता कुणी हसत नाही, असं लिहून बघा. मरणापेक्षा ते जड जाईल, लिहायला आणि वाचायलाही.

आणि मारायचंच असेल तर मंटोची 'टिटवालचा कुत्रा' ही कथा वाचा. भारत आणि पाकिस्तान, दोन्ही बाजूंच्या मोर्चांमध्ये येजा करणारं ते जनावर. एका बाजूनं त्याला नाव देतात, गळ्यात पाटी अडकवतात आणि त्याचं राष्ट्रीयत्व ठरवून टाकतात. दुसरी बाजू पाटीला पाटीनं उत्तर देते. कुत्रा मरणार याची कुणकुण तिथेही लागते. पण त्याला हुसकावण्यासाठी दोन्हीकडून गोळ्या झाडल्या जातात तेव्हा झाडणाऱ्यांची चेष्टा अजून चालूच असते. विनोद संपून मरण सुरू झालं असा सांधा त्या कथेत कुठेही सापडत नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

प्रश्न : रसशास्त्राप्रमाणे हास्याचं भयानक आणि करुण या दोन्ही रसांशी वैर आहे. मग युद्धकथेत हास्याचा आग्रह धरणं हा सरळ रसभंग नव्हे काय?

उत्तर : आहे. विश्वनाथानं 'साहित्यदर्पणा'त हे वैर नोंदवलं आहे आणि ते मला शंभर टक्के पटतं. माझ्या आचाऱ्यानं केला तो शुद्ध रसभंगच होता. पण शास्त्र तिथे थांबलेलं नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त विरोधी रस एकत्र नांदवण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. एक वाट अशी, की दोन रसांचे आश्रय वेगळे ठेवायचे, एक याच्या मनात, दुसरा त्याच्या. दुसरी, दोघांच्या मध्ये तिसरा रस घालायचा.

पहिल्या वाटेचं उदाहरण विराटपर्वात आहे. उत्तर अंतःपुरात बढाया मारतो, सारथी मिळाला तर कौरवांना असं लोळवीन. बृहन्नडा सारथी होते. निघताना राजकन्या उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी सांगतात, हरलेल्यांची तलम वस्त्रं आण, बाहुल्यांना हवीत. समोर सेना दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो. मागे बृहन्नडा, वेणी उडतेय, तांबडं वस्त्र उडतंय, आणि तो अर्जुन आहे हे न कळून समोरचे काही सैनिक हसतात. भय उत्तराच्या मनात, हसू त्या सैनिकांच्या आणि आपल्या. आश्रय वेगळे, शास्त्र खूश.

पण पुढे वाचत जा. कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी हाच उत्तर हत्तीवरून शल्याला भिडतो आणि मारला जातो. या वेळी पळत नाही. बाहुल्यांसाठी वस्त्रं मागणारी उत्तरा अभिमन्यूची बायको होते आणि तेराव्या दिवशी विधवा. बाहुल्या पुन्हा कुठे येत नाहीत, पण मला तरी त्यानंतर विराटपर्वातला तो प्रसंग पहिल्यासारखा हसून वाचता आलेला नाही. म्हणजे वैर आहेच. दोन रस एकमेकांना मारतात. फक्त ते मारणं शेकडो पानांनंतर, आपण बेसावध असताना होतं.

अलीकडची युद्धकथा याच्याही पुढे जाते. ती भय आणि हास्य एकाच माणसात, एकाच क्षणी ठेवते. फ्रॉईडनं सांगितलेला सोमवारी फाशी जाणारा कैदी आठवा : 'वा, आठवड्याची सुरुवात छान झाली!' इथे आश्रय एकच. याला कुठल्या रसाच्या खात्यात टाकायचं हे तुम्हीच सांगा, मी संस्कृत पन्नाशीनंतर शिकले आहे आणि अजून अडखळते.

ता. क. : चार जणांनी विचारलंय, या वाटेनं जायचं तर सुरुवात कशानं करू. यारोस्लाव हाशेक या चेक लेखकाच्या 'श्वेइक' या कादंबरीपासून करा. पहिल्याच पानावर कामवाली येऊन सांगते की आपल्या फर्डिनंडला मारलं. ज्या खुनातून पहिलं महायुद्ध पेटलं तो हा, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा. श्वेइक गुडघे चोळत विचारतो, कुठला फर्डिनंड? त्याच्या ओळखीचे दोन आहेत. एक औषधाच्या दुकानात नोकर असतो, त्यानं चुकून केसांचं तेल पिलं होतं, आणि दुसरा कुत्र्यांची विष्ठा गोळा करतो. दोघांपैकी कुणीही गेला तरी फारसं नुकसान नाही. पुस्तक जाडजूड आहे, पण हाशेकनं स्वतः लिहिलेल्या भागात श्वेइक प्रत्यक्ष लढाईपर्यंत पोचतच नाही. जानेवारी १९२३ मध्ये हाशेक गेला, कादंबरी अर्धवट राहिली. तेव्हा शेवट काय होतो, हे विचारणारं पत्र कृपया पाठवू नका.